साखळीचे दुसरे टोक

“भिऊ नका, तो काही करीत नाही!” हे आश्वासन ज्याला कधीच मिळाले नाही, असा सकाळी फिरावयास जाणारा मनुष्य नाशकात विरळाच. गंगापूर रस्त्यावरील एखाद्या वसाहतीचे फाटक उघडते, आतून एक धिप्पाड कुत्रा उत्साहाने झेपावतो, आणि त्याच्या मागून, साखळी हाताला गुंडाळून, त्याचे धनी हे अभयवचन देत सावकाश येतात. वचन बहुधा खरेही असते. परंतु ते खरे आहे हे धन्याला ठाऊक. ज्याच्या अंगावर कुत्रा धावून येतो, त्याला ते कळावे कसे?

मी श्वानद्वेष्टा नाही. या देशात तसे होणेही कठीण. दत्तात्रेयांच्या पायांशी कुत्री आहेत. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. युधिष्ठिराने सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारले, हेही सर्वांना आठवते. त्याच महाभारताच्या आदिपर्वातील सरमेची कथा मात्र फारसे कोणी सांगत नाही. जनमेजयाच्या भावांनी तिच्या निरपराध पिलाला मारले, तेव्हा ही देवलोकीची कुत्री थेट यज्ञसत्रात येऊन जाब विचारते. कोणीच उत्तर देत नाही. मग अदृष्ट भय प्राप्त होईल, असा शाप ती देते. ज्यांच्या माणसांनी इजा केली, त्यांनी उत्तर दिले पाहिजे, एवढेच तिचे मागणे होते. हा न्याय कुत्रा पाळणाऱ्यासही लागू नको काय?

जुन्या नाशकात कुत्रा गल्लीचा असे. वाड्यांच्या ओट्यांवरून त्याला शिळी पोळी मिळे. तो सर्वांना ओळखी आणि सर्व त्याला. आजच्या इमारतीत कुत्रा एका बिऱ्हाडाचा असतो, जिना मात्र सर्वांचा. शेजाऱ्याचे नाव जेथे दारावरील पाटीवरून वाचावे लागते, तेथे त्याच्या कुत्र्याचा स्वभाव कोणाला ठाऊक असणार? माझ्या ओळखीच्या, सत्तरी उलटलेल्या एका बाईंनी संध्याकाळचे फिरणे सोडले. त्यांना कुत्रा चावला नाही; एकदा जिन्यात अंगावर आला, एवढेच. या वयात पडून हाड मोडले तर पुन्हा उठणे कठीण, हे त्या जाणून आहेत. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून ही हानी कोणत्याही वहीत नोंदलेली नाही. त्यांचे जग मात्र दोन खोल्यांएवढे झाले.

कोणी म्हणेल, मुक्या जिवाला बांधणे हा जुलूम आहे. दिवसभर दाराशी जखडून ठेवणे हा जुलूम खचितच. त्याला मनसोक्त धावू द्यावे, परंतु कुंपणाच्या आत. सामायिक रस्त्यावर साखळी कुत्र्याचेही रक्षण करते, भरधाव दुचाकीपासून आणि रस्त्यावरच्या टोळीपासून. शिवाय पाश्चर यांनी १८८५ साली मनुष्याला रेबीजची लस टोचली, तरी त्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू आजही जवळजवळ अटळ आहे. म्हणून पाळीव कुत्र्याचा दात लागला तरी दवाखान्याची वाट धरावी लागते. जनावराविषयी निष्काळजीपणा करून मनुष्याच्या जिवाला धोका होऊ देणाऱ्यास २०२३ च्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगते. परंतु कायद्याचे पाऊल बहुधा घटनेनंतर पडते. साखळी तिच्या आधी असते.

साखळीच्या एका टोकाशी कुत्रा असतो आणि दुसऱ्या टोकाशी मनुष्य. आपली सारी कणव पहिल्या टोकापाशीच घोटाळते. वस्तुतः साखळी बांधते ती दुसऱ्याला. ती हाती धरणारा न बोलता सांगत असतो की, या जिवाचा जाब मला विचारा. सरमेच्या प्रश्नापुढे यज्ञसत्रात जे मौन पसरले, ते आपल्या जिन्यांत पसरू नये, एवढेच म्हणावयाचे आहे.