सावलीचा तास

मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवण्याचा निर्णय आम्ही घेतला, तेव्हा आप्तेष्टांपेक्षा माझेच मन मला अधिक प्रश्न विचारीत होते. पुण्यात हाच मार्ग पत्करलेली पाच-सहा कुटुंबे दर शनिवारी एकत्र जमत. ज्या पालकाला जे येते, ते त्याने सर्व मुलांना शिकवावे, असा आमचा रिवाज होता. कोणी सुतारकाम शिकवी, कोणी गाणे. माझ्या वाट्याला भूगोल आला.

एप्रिलच्या मध्यावर मी अंगणात काठी रोवली आणि ठामपणे सांगितले, "बरोबर १२ वाजता सावली सर्वांत आखूड होईल." मुले दर ५ मिनिटांनी खुणा करू लागली. बारा वाजून गेले, तरी सावली आखूडच होत राहिली.

"बाबा, तुमचं चुकलं," माझी मुलगी सर्वांदेखत म्हणाली.

क्षणभर मी ओशाळलो. मग म्हणालो, "चुकलं खरं. का चुकलं, ते शोधू या."

आम्ही नकाशा उघडला. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची; पुणे सुमारे ७४ अंशांवर. प्रत्येक अंशाला ४ मिनिटे. हिशेब मुलांनीच केला : ३४ मिनिटे! सर्वांत आखूड सावलीची खूणही १२ वाजून ३५ मिनिटांचीच होती.

पालकाला सर्व काही आलेच पाहिजे, ही माझी धास्ती त्या दुपारी ओसरली. जे येत नाही, ते मुलांच्या सोबतीने शोधणे, हेही शिकवणेच असते.