जीपची सही

म्हातारपणी माणसाला तीर्थयात्रा सुचते. आमच्या शेजारच्या नानांना जीप सुचली, तीही दुसऱ्या महायुद्धातली! प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे नुकतेच हाती आलेले. माई मला म्हणाल्या, "तुम्ही बँकेतले ना? जरा बघून घ्या हो."

बघून घेणं हा तर माझा धंदाच. वीस वर्षं चेकवरच्या सह्या नमुन्याशी ताडतोय. जीपचीही सही असते. युद्धात विलीज आणि फोर्डने एकाच नमुन्याची जीप काढली. पण फोर्डने बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा आपला 'एफ' उठवला. आपण लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतो, तसा! फौजी जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी आणि पेट्रोलच्या टाकीचं तोंड ड्रायव्हरच्या बैठकीखाली. पेट्रोल भरायचं, तर साहेबांनी आधी उठायचं. १९४५ नंतरच्या नागरी जीपला फटी सात, टाकीचं तोंड बाहेर.

मालक रंगात येऊन ब्रह्मदेशची लढाई सांगत होता. मी फटी मोजल्या. सात.

"नाना, ही निघाली तेव्हा लढाई संपली होती."

नानांनी जाळीवरून हात फिरवला. "म्हणजे पेट्रोल भरताना उठायला नको? गुडघ्यांची सोय झाली! आता भाव तेवढा पाडा."