चौथ्या वर्षाचा हापसा

सोलापूर,
रविवार दुपार

चि. छकुली हिस,


तुझ्या पाणी-प्रकल्पाचा मसुदा शेजारच्या पोरानं छापून आणून दिला. दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकानं आणि दुसऱ्यांदा जिल्हा परिषदेत ठेकेदारांची बिलं तपासायचो तसा, तांबडी पेन्सिल घेऊन. कौतुकाचं काय ते तुझ्या आईला फोनवर सांगितलंय. हे पत्र तांबड्या पेन्सिलीचं आहे. रागावू नकोस.

मलावीच्या त्या जिल्ह्यात तीन वर्षांत १२० बोअर, १२० पाणी समित्या आणि प्रत्येक समितीतल्या दोघांना हापसा दुरुस्तीचं शिक्षण. तक्ता देखणा झालाय. पण त्यात चौथं वर्ष कुठे आहे? पहिली दोन-तीन वर्षं हापसा कुणाकडे काही मागत नाही. मग वॉशर झिजतं, बुश ढिलं होतं, दांडा खडखडायला लागतो. म्हणजे तुमची पांढरी गाडी बोर्डासमोर शेवटचा फोटो काढून परत फिरली, की हापशाचं मागणं सुरू होतं. तुझा प्रकल्प नेमका त्याच महिन्यात संपतो.

हे शहाणपण मला उपजत नव्हतं. मी १९७८ साली नोकरीला लागलो तेव्हा आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळाची आठवण ताजी होती. यंत्रं लावून काळ्या पाषाणात भोकं पाडली होती आणि त्यावर बिडाचे हापसे बसवले होते. ते मूळचे परदेशातल्या एखाद्या शेतघरासाठीचे, एका कुटुंबानं दिवसातून चारदा हापसायचे. आपण त्यांच्यापुढे अख्खं गाव रांगेत उभं केलं. १९७४ साली युनिसेफनं पाहणी केली तेव्हा जवळजवळ पाऊण हापसे बंद निघाले. भोक होतं, खाली पाणीही होतं, पण ते वर येत नव्हतं.

त्यावर उत्तर दिल्लीत सापडलं नाही, हे मला अजून सुखावतं. जालन्याच्या मिशनवाल्यांनी बीड सोडून पोलादी हापसा केला होता, सोलापूरला त्याचा आणखी दणकट भाऊ तयार झाला, आणि या सोलापुरी पंपाचाच पाया धरून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क टू’ घडला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात तो निघू लागला. पेटंट घेतलं नाही, उलट भारतीय मानक ठरवून दिलं, म्हणजे ज्याला जमेल त्यानं करावा. पुढे तो जगभर गेला. तू लिलाँग्वेहून बाहेर पडलीस की कुठेतरी भेटेलच. सोलापूरचा पाहुणा म्हणून त्याला रामराम कर.

पण त्या पाहुण्यातही खोट होती, आणि तिच्यावर माझी निम्मी नोकरी गेली. दणकट असल्यामुळे तो क्वचित बिघडायचा, पण बिघडला की गावाच्या हातचा राहायचा नाही. साधं वॉशर बदलायचं तरी तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप एकामागून एक वर ओढायचे. चाळीस मीटर खोलीला तेरा-चौदा पाइप! त्याला तिवई हवी, पाइप-पाने हवेत, चार-पाच गडी हवेत आणि हे सगळं वाहून आणायला गाडी हवी. गाडीला डिझेल हवं. डिझेलला मंजुरी हवी. महिनाभर एका तांड्यावर बायका दोन मैलांवरून पाणी आणत होत्या, कारण आमच्या पथकाच्या गाडीचा टायर खरेदी समितीपुढे होता. वॉशरची किंमत तेव्हा चहाच्या दोन कपांएवढी असेल.

म्हणूनच ऐंशीच्या दशकात जागतिक बँक आणि यूएनडीपीच्या लोकांनी प्रश्न उलटा धरला. पंप किती मजबूत, यापेक्षा तो गावातल्या बाईला एकटीला उघडता येतो का, हे विचारलं. त्यातून आफ्रिदेव हा हापसा आला. त्याची सुरुवात तुझ्या मलावीतच झाली आणि तो पुढे केनियात पुरा झाला. पाइप प्लॅस्टिकचा, तो काढावाच लागत नाही. पाइपाच्या पोटातून दट्ट्या आणि खालची झडप दोन्ही वर येतात. सगळ्या नटांना एकच पाना. पहिल्यांदा एका पोरसवदा बाईनं माझ्यासमोर अर्ध्या तासात तो उघडून जोडला, तेव्हा मला आमची तिवई आठवून लाज वाटली.

आता वाटेल, मग झालं की. झालं नाही. आफ्रिकेतल्या वीसेक देशांचे आकडे जमवून २००९ साली अंदाज काढला तेव्हा शंभरातले ३६ हापसे बंद होते. पंप सुधारला, तरी हे असं का? तुझ्याच तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात बघ. ‘गृहीतके’ या मथळ्याखाली तू लिहिलंयस: ‘सुटे भाग स्थानिक बाजारात उपलब्ध असतील.’ तांबडी पेन्सिल इथे मोडली. तक्त्याचा हा साचा अमेरिकन मदत खात्यासाठी १९६९ साली बेतला गेला. त्याची खुबी अशी, की जे आपल्याला करायचं नसतं ते सगळं या रकान्यात टाकून हात धुता येतात. भाग उपलब्ध असतील. समिती पैसे गोळा करील. शिकवलेला माणूस गावातच राहील. अगं, यातलं एकेक वाक्य म्हणजे एकेक प्रकल्प आहे! बोअर काय, पैसे दिले की कुणीही पाडून देतो.

दुकानदाराच्या जागी बसून बघ. बोमातल्या, म्हणजे जिल्ह्याच्या गावातल्या, हार्डवेअरवाल्यानं आफ्रिदेवची वॉशरं का ठेवावीत? वर्षात सहा गिऱ्हाइकं येणार, आणि सातवं यायच्या आधी एखादी संस्था पेटी भरून फुकट वाटून जाणार. खिळे, पत्रे, सायकलच्या ट्यूबा रोज खपतात. तुझ्या १२० हापशांबरोबर जिल्ह्यातले जुने सगळे मोजलेस आणि दोघा-तिघा दुकानदारांशी आधी बोललीस, तर त्याचा धंदा होऊ शकतो. फुकट मात्र एकही वॉशर वाटू नकोस.

वर्गणी तू दरमहा धरली आहेस. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे घरात मका संपलेला असतो, नवा एप्रिल-मेशिवाय येत नाही. त्या महिन्यांत पाण्याचे पैसे मागायला जाणारी खजिनदार गावात बोलणी खाईल. सुगीत एकदाच घ्या. आणि घेतलेले पैसे पेटीत कोंडू नका: नोव्हेंबर २०२३ मध्ये तिकडच्या चलनाचं, क्वाचाचं, एका फटक्यात ४४ टक्के अवमूल्यन झालं. इमानदारीनं जमवलेली रक्कम बसल्या जागी झिजते. हातात पैसे आले की वॉशर, बुश, रॉड घेऊन ठेवा. आपल्याकडेही लोकवर्गणीचा दहा टक्क्यांचा नियम आला होता. अनेक गावांत ती वर्गणी ठेकेदारानंच भरली आणि पुढे कामातून वसूल केली. पावत्या मात्र गावकऱ्यांच्या नावावर, अंगठ्यांसकट. मीच सह्या केल्यात, म्हणून सांगतो.

आणि शिकवायचं कुणाला? आपल्याकडे मी हौसेनं गावच्या पोरींना हापसा दुरुस्ती शिकवली. दोन वर्षांत बहुतेक सासरी गेल्या. तिकडे चेवा लोकांत चाल उलटी. जमीन आणि घर बाईच्या वंशात, नवराच लग्नानंतर तिच्या गावी येतो, घरजावई म्हणून. तू निवडलेले तरुण मुलगे दोन वर्षांत पाना घेऊन चाळीस कोसांवर नांदायला जातील. बायकांना शिकव, त्यांच्यासाठी नाही, हापशासाठी. राजस्थानातल्या टिलोनियाच्या संस्थेनं गावचाच मिस्त्री तयार करून दाखवला तेव्हा सरकारी इंजिनिअर हसले होते. मीही हसणाऱ्यांतला.

खोदाईचं वेळापत्रक तर मार्चअखेरचा खर्च बघून केलेलं दिसतं. मार्चपर्यंत तिकडे पावसाळा असतो. पाणी वर आलेलं, वीस मीटरवर झरा लागतो, ठेकेदार आणि तुझा हिशेबनीस दोघंही खूश. ऑक्टोबरात तोच हापसा हवा ओढील. खोदायचं असेल तर ऑक्टोबरात खोद, म्हणजे लागेल ते पाणी खरं. रॉबर्ट चेंबर्सचं ग्रामविकासावरचं १९८३चं पुस्तक तुम्हाला अभ्यासाला असेलच. साहेब लोक कोरड्या दिवसांत, डांबरी रस्त्यालगतची गावं बघून परत येतात, हे त्यानं चांगलं झोडपलंय. गंमत अशी, की माणसं बघायला पावसात जायला हवं आणि पाणी बघायला उन्हाळ्यात, आणि आपण दोन्ही नेमकं उलट करतो.

ते मुलांनी फिरवायच्या चक्राचं प्रकरण तुझ्या कार्यालयात कुणी काढलं, तर ‘प्लेपंप’ हा शब्द उच्चारून गप्प बस. मुलं खेळतील, टाकी भरेल. २००६ साली अमेरिकेत मोठ्या माणसांच्या हस्ते जाहीर झालं, २०१० पर्यंत चार हजार बसवायचे होते. ठरवलेलं पाणी द्यायचं तर दिवसाला २७ तास खेळावं लागेल, असा हिशेब पुढे एका इंग्रजी वर्तमानपत्रानं मांडला. मलावीत मुलं पांगल्यावर म्हाताऱ्या बायका ते चक्र वाकून ढकलत होत्या. या कल्पनेवर मीही भाळलो असतो बहुधा. चित्र फार छान होतं.

तर तुझं काम: मसुदा वरती पाठवायच्या आधी साडी-सलवार जे काही घालतेस ते घालून, गाडी लांब उभी करून, बोमातल्या तीन दुकानांत जा आणि आफ्रिदेवचं वॉशर माग. मिळालं तर भाव, नाही मिळालं तर दुकानदार काय म्हणाला ते जसंच्या तसं मला लिही. वॉशरच्या पाकिटावर ‘मेड इन इंडिया’ दिसलं तर आश्चर्य मानू नकोस.

तुझ्या आईनं शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे. तिकडे शेंगदाणा उदंड पिकतो हे तिला सांगितलं, पण ती ‘सोलापूरचा नाही ना’ म्हणाली.

तुझा,
बापूकाका

ता. क. मी मलावीत होतो तेव्हा मोझांबिकच्या यादवीतून पळालेली माणसं लाखांनी येत होती. घाईत हाताला येईल तो पंप आम्ही बसवला. एका ठिकाणचं पाणी आंबट होतं, मी तपासलं नाही. वर्षात लोखंडी पाइपांना गंज चढला, पाणी तांबडं यायला लागलं, लुगड्यांना डाग पडले आणि बायका पुन्हा ओढ्यावर गेल्या. जागा नकाशावर खूण करून सोबत ठेवतो. चौथऱ्याच्या ओल्या सिमेंटात मी खिळ्यानं ‘८९’ कोरलं होतं. त्या बाजूला गेलीस तर बघून ये, आणि फोटो पाठव.