हजार वॉट म्हणजे नेमकं काय?

आईच्या दाढा काढल्या आणि कवळी बसेपर्यंत तिला सगळं मऊ, पातळ लागायला लागलं. वरण, पालकाची पातळ भाजी, भोपळ्याचं सूप. स्वयंपाकघरात मी नवखाच. गरम वरण मिक्सरच्या भांड्यात घालून झाकण लावलं की वाफ कोंडते आणि झाकण उडतं, हे शेजारच्या काकूंनी वेळीच सांगितलं म्हणून भिंती वाचल्या. "हँड ब्लेंडर आण आणि पातेल्यातच फिरव," हा सल्लाही त्यांचाच. घरात रवी होती, पण रवीनं ताक होतं, पालकाचे धागे तुटत नाहीत.

पुण्यात विजेच्या वस्तू घ्यायच्या म्हणजे बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दुकानदारानं काउंटरवर खोकी मांडली : २५० वॉट, ६०० वॉट, १००० वॉट. "काका, जास्त वॉट म्हणजे जास्त टिकणार." हे पटलंही असतं, पण आदल्या रात्री मी फोनवर भलतंच वाचून बसलो होतो. स्वित्झर्लंडच्या रॉजर पेरँजाके यांनी १९५० साली या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातून बामिक्स हा हँड ब्लेंडर आला आणि त्याचं एक मॉडेल अवघ्या १४० वॉटचं. मग १००० वॉट कशाला? दुकानदार म्हणाला, "टर्बो बटण पण आहे." हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी काही न घेता बाहेर पडलो.

जरा पुढे एक रिपेरिंगवाले बसतात. त्यांच्या टेबलावर उघडलेले मिक्सर, पंखे आणि दोन-तीन हँड ब्लेंडरही. माझा प्रश्न ऐकून ते हसले. "साहेब, वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं. टिकतं किती, ते वेगळं. जळून येतात ते कमी वॉटचेही असतात आणि जास्त वॉटचेही."

त्यांनी एक उघडून दाखवला. वर मोटर, खाली सुटा होणारा दांडा आणि दोन्ही जिथे अडकतात तिथे बोटाच्या पेराएवढं दातेरी प्लॅस्टिक. ते कपलिंग. त्याचे दाते गुळगुळीत झाले होते. "मोटर ठणठणीत आहे. नुसती घुंई करते, पातं फिरत नाही. लोक म्हणतात, मशीन गेलं." हा तुकडा स्वस्तातला, पण मिळाला तर, ज्या कंपनीचा सुटा मिळत नाही तिचं अख्खं यंत्र भंगारात. मग त्यांनी दुसऱ्याचा दांडा उलटा धरला. पात्याला बोटानं हलवलं तर ते डुगडुगत होतं. बुश झिजला होता, सील गेलं होतं, आत पाणी शिरत होतं. तिसऱ्याची वायर मानेशीच तुटलेली, कारण मालक ती यंत्राला गच्च गुंडाळून ठेवत.

"आणि हा जळालेला," म्हणत त्यांनी मोटरचा फिरणारा गाभा, काळवंडलेलं आर्मेचर, पुढे केलं. त्याला वास येत होता. पुरण वाटलं होतं म्हणे यानं. घट्ट गोळ्यात पातं अडतं, मोटर तापते आणि थांबवायचं कोणाला सुचत नाही. यंत्रावरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत 'केबी १ मिनिट' लिहिलेलं होतं : मिनिटभर चालवा, मग थंड होऊ द्या. ती पट्टी मी दुकानात पाहिलीही नव्हती. खोक्यावर वॉटचे आकडे एवढे मोठे आणि हे चष्मा लावूनही दिसेना! मला हे लबाडीचंच वाटलं.

परत त्याच दुकानात गेलो. या वेळी विचारलं, "याचं कपलिंग सुटं मिळतं का?" दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहिलं, पुढ्यातली दोन खोकी मुकाट्यानं मागे सारली आणि फडताळातून तिसरं काढलं. ४०० वॉट, स्टीलचा दांडा, जाड वायर. गरम पातेल्यात प्लॅस्टिकचा दांडा नको, एवढं मलाही कळत होतं. पातं हलवून पाहिलं, डुगडुगलं नाही. बटण दाबून धरताना अंगठा दुखतो का, तेही पाहिलं.

वरण आता मिनिटभराच्या आत गुळगुळीत होतं. मग भांड्यात साबणाचं पाणी घेऊन त्यातच क्षणभर फिरवतो, प्लग काढतो आणि पातं पुसतो. जोडाच्या वर पाणी जाऊ देत नाही. नॉनस्टिकच्या कढईत मात्र घालत नाही, पात्याचा ओरखडा उठतो. आईचं मत विचारलं तर ती म्हणाली, "वरण बरं झालंय, हिंग कमी आहे." खोक्यात तारांचा फुग्यासारखा एक जोडही आला आहे. त्यानं काय फेटायचं, हे काकूंना विचारायचं राहिलंय.