मागून दिसणारी गाडी

2000 च्या आसपास नागपूरच्या मनीषनगरात जे सायबर कॅफे होते, तिथे ईमेल पाहायला येणारे मोजके आणि गेम खेळायला येणारे पोट्टे ढीगभर. रोड रॅश, नाहीतर नीड फॉर स्पीड. खेळणारा एक, त्याच्या खुर्चीमागे उभे तीन-चार, मे महिन्याचं ऊन, खिडकीत धडधडणारा कूलर, आणि सगळ्यांची नजर एकाच गाडीच्या पाठीवर. की-बोर्डवर सी दाबलं की कॅमेरा बदलायचा. जवळून, लांबून, मग थेट बॉनेटवरून. बॉनेटवर गेला की मागून लगेच ओरडा व्हायचा, "बाहेरून घे ना बे, गाडी दिसू दे!"

ही मागणी रास्तच होती. नीड फॉर स्पीडच्या दुसऱ्या भागात मॅकलॅरेन एफ वन होती, फेरारी एफ फिफ्टी होती, जॅग्वारची एक्सजे 220 होती. मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर ताटकळत उभं राहिलं की दिसायच्या त्या मारुती 800, ॲम्बेसेडर आणि ट्रक. त्यामुळे मॅकलॅरेन चालवायला मिळते यापेक्षा ती डोळे भरून बघायला मिळते, याचंच अप्रूप मोठं होतं. ब्रेक दाबला की मागचे दिवे लाल व्हायचे, तेवढ्यानंही आम्ही खूश. आणि ती गाडी खुर्चीमागच्या सगळ्यांना सारखीच दिसायची, म्हणून शर्यत सगळ्यांची असायची. "डावीकडून येऊन राहिला, दाब त्याला" हे सांगायला मागे माणसं होती.

बाहेरचा कॅमेरा निवडण्यामागे आणखी एक कारण होतं, ते फार नंतर कळलं. तेव्हाचा पंधरा इंची डबडा मॉनिटर म्हणजे जेमतेम 28 सेंटिमीटर रुंदीची काच. डोळ्यांपासून दोन फुटांवर ठेवली तर ती आपल्या नजरेतला सव्वीसेक अंशांचा तुकडा व्यापते. एवढ्याशा तुकड्यात ड्रायव्हरच्या जागेवरून दिसणारं जग खऱ्या मापानं दाखवायचं, तर स्टिअरिंग, डॅशबोर्ड आणि समोरचा चिमूटभर रस्ता, एवढंच मावणार. शेजारची गाडी नाही, वळणाचा आतला कोपरा नाही. मग गेमवाले जास्तीचं जग त्या काचेत दाबून बसवायचे, आणि अंतरांचा अंदाज पार चुकायचा. कॅमेरा गाडीच्या मागे, थोडा वर नेला की हा प्रश्नच मिटायचा.

आज माझ्या टेबलावर 27 इंची स्क्रीन आहे. रुंदी 60 सेंटिमीटर, डोळ्यांपासूनचं अंतरही तेवढंच, म्हणजे साधारण 53 अंश. हे माप गेममध्ये भरलं की आतला कॅमेरा एकदम खरा वाटायला लागतो. सुरुवातीला सगळं संथ आणि जवळ आल्यासारखं दिसतं, अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण ब्रेक कुठे दाबायचा ते नंतर डोळ्यांना आपोआप कळतं. स्टिअरिंगही आता खरं आहे, लॉजिटेकचं, 900 अंश फिरणारं. माझे हात जसे फिरतात तसेच पडद्यावरच्या ड्रायव्हरचे. बाहेरच्या कॅमेऱ्यात हाताला एक जाणवतं, डोळ्याला दुसरं.

खरा फरक गाडी घसरताना कळतो. मागून बघताना गाडीची शेपटी सरकली की ती लगेच दिसते, क्षितिज मात्र जागेवरच असतं. की-बोर्डवर खेळणाऱ्याला हाच एक इशारा मिळायचा, म्हणून त्याला बाहेरूनच खेळणं भाग होतं. आतून बघताना अख्खं जग एका बाजूला सरकतं, आणि त्याच्याही आधी स्टिअरिंग हातात हलकं पडतं. बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर ओ रूजवरून रेदियॉनचा चढ लागतो, तिथे आतून समोर फक्त आभाळ दिसतं. माथ्यापलीकडचा रस्ता दिसतच नाही, तो आठवणीतून काढावा लागतो. बाहेरचा कॅमेरा उंचावर असल्यामुळे माथा आधीच उघडा पडतो. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तिसरं वळण असंच चढावर आहे. 2011 साली तिथे पहिली इंडियन ग्रां प्री झाली. गेममध्ये तो चढ आतून चढताना पोटात जो गोळा येतो, तो मागून बघताना मला कधीच आला नाही.

ऑनलाइन शर्यतीत हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही. मागून बघणाऱ्याला शेजारी घुसलेली गाडी सहज दिसते. आत बसलेल्याला आरसे, शेजारी गाडी आल्याचं कानात सांगणारा स्पॉटर आणि समोरच्यावरचा भरवसा यांवर भागवावं लागतं. ही जाण मला पहिल्यांदा आली ती लाइव्ह फॉर स्पीडमुळे. बीएसएनएलचं 256 केबीपीएसचं ब्रॉडबँड घरोघरी येऊ लागलं, तेव्हा हा छोटासा गेम त्यावर झक्कास चालायचा, आणि डेमो फुकट होता. सर्व्हर चालवणारा सगळ्यांना आतलाच कॅमेरा सक्तीचा करू शकायचा. 2008 मध्ये आलेल्या आयरेसिंगनं तर शर्यतीसाठी ड्रायव्हरची जागा हाच नियम ठेवला.

अर्थात, आतला कॅमेरा म्हणजे शंभर टक्के खरं, असंही नाही. 2018 पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर हेलो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचं संरक्षक कडं, आला. त्याचा मधला खांब खऱ्या ड्रायव्हरला फारसा त्रास देत नाही, कारण त्याला दोन डोळे आहेत; एका डोळ्याआड गेलेलं दुसऱ्याला दिसतं. सपाट पडद्यावर एकच चित्र असतं, त्यामुळे खांब रस्ता अडवून बसतो. तो लपवायची सोय गेममध्ये आहे आणि ती वापरण्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही.

या सगळ्यात हरवली ती खुर्चीमागची माणसं. माझा भाचा कधी शेजारी येऊन बसतो आणि थोड्याच वेळात म्हणतो, "मामा, बाहेरून दाखव ना, काही समजून नाही राहिलं." त्याचं बरोबर आहे. आतला कॅमेरा एकट्याचा असतो. बघणाऱ्याला त्यात हादरणारा डॅशबोर्ड दिसतो, शर्यत दिसत नाही. 22 मार्च 2020 ला, जनता कर्फ्यूच्या रात्री, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर फॉर्म्युला वनची पहिली व्हर्च्युअल ग्रां प्री झाली. झोउ ग्वान्यूनं ती जिंकली. तिचं प्रक्षेपण बहुतेक वेळ ट्रॅकच्या कडेच्या कॅमेऱ्यांतून होतं, म्हणून तर घरबसल्या लोकांना ती बघवली. गाडीवर कष्टानं चढवलेले रंगसुद्धा शर्यतभर इतरांनाच दिसतात, चालवणाऱ्याला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात वर्धा रोडवरचा 3.14 किलोमीटरचा दुमजली उड्डाणपूल आणि मनीषनगरचा रेल्वेवरचा पूल सुरू झाले. फाटकावर उभं राहून गाड्या न्याहाळण्याची सवड त्याबरोबर संपली. आता मीही स्टिअरिंगमागे बसून पुलावरून निघून जातो. सायबर कॅफेतले आम्ही काही जण रविवारी रात्री ऑनलाइन भेटतो. कोणी पुण्यात, कोणी बंगळुरूला. शर्यत आतून, आणि ती संपली की रिप्ले सगळे मिळून बाहेरून बघायचा, हे आमचं ठरलेलं आहे. त्या अर्ध्या तासात "कोपऱ्यात घुसला काहून बे" हे हेडफोनमधून जसंच्या तसं ऐकू येतं, आणि भाचाही तेवढ्यासाठी जागा राहतो.

पुढच्या रविवारी स्पा आहे. ग्रुपमध्ये एक नवा गडी आला आहे, तो अजून कंट्रोलरवर खेळतो आणि बाहेरचा कॅमेरा मागतो. सर्व्हरवर सक्ती ठेवायची की नाही यावर मतं घेणं चालू आहे. मी यावेळी मोकळीक द्या म्हणून मत दिलं आहे. स्टिअरिंग घेईपर्यंत त्याला बाहेरूनच चालवू द्यावं.