तुमच्या दुखण्याला गार्डची अट नको

ठाणे मध्यवर्ती कारागृहाच्या महिला विभागातील भगिनींनो,



मी ठाण्यातल्या खोपटची. तुमच्या भिंती आमच्या वस्तीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या या किल्ल्याचा पुढे इंग्रजांनी तुरुंग केला. 19 एप्रिल 1910 ला इथे क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. ठाणेकर ती आठवण अभिमानाने जपतात. पण आज त्याच तटाच्या आत बायका राहतात, त्यांना पाळी येते, दिवस जातात, छातीत गाठ लागते, रात्र रात्र झोप येत नाही, याचा विचार शहर फारसा करत नाही. म्हणून हे पत्र.

बाहेर बाईचं दुखणं घरकामामागे थांबतं. आत ते गार्डमागे थांबतं. रक्तदाब, ताप तुरुंगातल्या दवाखान्यात पाहिला जातो. पण सोनोग्राफी किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाची तपासणी हवी असेल तर इस्पितळात न्यावं लागतं, आणि त्यासाठी महिला पोलिसांसह गार्ड मिळावे लागतात. सण आला, निवडणूक लागली की पोलीस बंदोबस्ताला जातात आणि तपासणीची तारीख हुकते. अंगावरून जाणारं रक्त मात्र बंदोबस्त संपायची वाट पाहत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. त्याच घरांतून तुम्ही आत आलात.

आपल्या तुरुंगांत बहुसंख्य कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. आणि सिद्ध झाला, तरी न्यायालय शिक्षा देतं ती कैदेची. आजार अंगावर काढण्याची शिक्षा कुठल्याच निकालपत्रात नसते.

तुमचे हक्क कागदावर आहेत. मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांना भेटून पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि 1983 मध्ये कोठडीतल्या स्त्रियांच्या सुरक्षेसाठी आदेश दिले. 2006 मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं, की गरोदर कैद्याचं बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेरच्या इस्पितळात व्हावं आणि बाळाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहू नये. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका गरोदर कैद्याला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुमच्यापैकी कुणी गरोदर वा आजारी असेल, तर जामीन अर्जात ते ठळक लिहायला सांगा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 मध्ये जामिनाबाबत स्त्री आणि आजारी व्यक्तीसाठी वेगळा विचार आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील तुम्हाला फुकट मिळतो, मिळकत कितीही असो.

पण प्रत्येकीने न्यायालयापर्यंत जावं, तेव्हाच तपासणी व्हावी, हे बरं नव्हे. तुम्हाला डॉक्टरकडे न्यायला गार्ड नसतील, तर डॉक्टरने तुमच्याकडे यावं. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची आठवड्यातून एक ठरलेली ओपीडी महिला विभागातच हवी. 1901 पासूनचं मनोरुग्णालय याच शहरात आहे. तिथले मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून दोनदा आत येऊ शकतात. आत येणाऱ्या प्रत्येकीची पहिल्याच आठवड्यात रक्ताची, गरोदरपणाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी, तिची संमती घेऊन, व्हावी. पॅड मागण्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागू नये. आणि गार्डअभावी तारीख हुकली, तर ती नोंद त्याच दिवशी जिल्हा न्यायाधीशांकडे जावी.

यासाठी नवं इस्पितळ बांधायला नको. जिल्हा शल्यचिकित्सक, कारागृह अधीक्षक आणि पोलीस आयुक्त यांनी एका टेबलाशी बसून वेळापत्रक ठरवायचं आहे. ते त्यांनी ठरवावं, ही मागणी मी ठाण्याची नागरिक म्हणून करते आहे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्या घेऊन तिघांच्याही कार्यालयांत देणार आहे. तुम्ही ठाण्यातच राहता. इथल्या दवाखान्यांवर तुमचाही तितकाच हक्क आहे.

आपली,
खोपटची एक रहिवासी