उकिरड्यावरची हिरवी नासपती

चिकूची साल खरबरीत नि तपकिरी, पेरूची गुळगुळीत नि हिरवी. पण जपानमध्ये एकट्या नासपतीचेच असे दोन गट आहेत! तिथे नासपतीला ‘नाशी’ म्हणतात. तपकिरी ती ‘आकानाशी’, हिरवी ती ‘आओनाशी’.

हा फरक कशामुळे पडतो? कोवळ्या फळावर मेणासारखा पातळ पापुद्रा असतो. फळ फुगू लागलं की तो तडकतो. मग खालच्या पेशी बुचाचा थर तयार करतात. बाटलीला लावतात ना, तसलंच बूच! आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने लावलेलं हे ठिगळच म्हणा. आकानाशीवर हा थर फळभर पसरतो. आओनाशीवर मात्र त्याचे बारीक ठिपके तेवढे दिसतात.

आता चला टोकियोजवळच्या मात्सुदोला. १८८८ साली इथल्या काकुनोसुके मात्सुदो नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाला एका नातेवाइकाच्या उकिरड्यावर नासपतीचं रोपटं दिसलं. कुणी उपटून फेकलं असतं, पण त्याने ते वडिलांच्या बागेत लावलं. पहिली फळं धरली ती १८९८ साली, म्हणजे चक्क दहा वर्षांनी! फळ हिरवं, नितळ नि रसाळ. त्याला नाव मिळालं ‘निजिस्सेकी’, म्हणजे विसावं शतक.

१९०४ साली याची दहा रोपं दूरच्या तोत्तोरी प्रांतात गेली. पण ही जात नाजूक. काळ्या डागांचा रोग तिला चटकन गाठतो. म्हणून तिथले शेतकरी एकेका फळाला कागदी पिशवी बांधतात. आधी छोटी, नंतर मोठी. रोग टळतो आणि सालही सुंदर राहते. बागेतल्या हजारो फळांना हे हातानेच करायचं! तोत्तोरीतल्या कुरायोशी शहरात तर या नासपतीचं संग्रहालयच आहे.

मात्सुदोचं मूळ झाड १९३५ साली राष्ट्रीय ठेवा ठरलं. पण दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ते जखमी झालं आणि १९४७ साली वठलं. मग ही जात संपली का? मुळीच नाही! त्याच्या फांद्यांची कलमं आधीच गावोगाव पोचली होती. बी पेरून हुबेहूब तेच फळ मिळत नाही, कलमातून मिळतं.

तेव्हा बाजारात तपकिरी नासपती दिसली, तर कुजकी समजून नाक मुरडू नका. आणि उकिरड्यावर एखादं रोप दिसलं, तर उपटण्याआधी जरा वाकून बघाल ना?